पडदेवाली आत्या आणि दोनशे किलोमीटर

आमची आत्या पडदे शिवते. घरांचे, ऑफिसांचे, एकदा तर एका नाट्यगृहाचासुद्धा. तिचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापडाचे नमुने आणि मनाचा निश्चय न होणारी गिऱ्हाइकं, मागच्या खोलीत एक भलंमोठं टेबल, दोन शिलाई मशिनं आणि आत्या. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, दातांच्या कवळ्या बनवतात. दोघंही दिवसभर मान खाली घालून, बैठक न मोडता काम करणारी. पंचेचाळिशी उलटेपर्यंत आत्याला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांदेखत बस सुटत असली तरी ती आपली चाल बदलायची नाही. "हिच्यामागे दुसरी आहेच की," म्हणायची.

ती पळायला लागली ती काकांमुळे. काकांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं. काकांनी मोठ्या आज्ञाधारकपणे मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ आत्याला चांगला ठाऊक होता, म्हणून तीही पहारेकरी बनून सोबत निघाली. घराजवळ एक तळं आहे, त्याच्याभोवती गोल रस्ता. पहिलं बाक आलं तसे काका म्हणाले, "अगं, तू हो पुढे, मी बुटाची नाडी बांधून आलोच." आत्या अख्खी फेरी मारून आली तरी नाडी बांधून झाली नव्हती. काका बाकावर बसून एका अनोळखी माणसाला खालच्या दाढांविषयी काहीतरी समजावत होते.

आत्याला राग आला की ती बोलत नाही, भरभर चालते. त्या दिवशी राग जरा जास्तच होता, त्यामुळे दुसऱ्या फेरीला ती चक्क पळाली. दम लागला, बरगडीत कळ आली, पण बाकापाशी परत आली तेव्हा राग कुठल्या कुठे गेला होता. दुसऱ्या दिवशी राग नसतानाही पळून पाहिलं. मग सवयच लागली.

"तुमच्या आळसामुळे मी धावपटू झाले," ती आजही ऐकवते.

"म्हणजे श्रेय माझंच," काका म्हणतात.

पहिल्या स्पर्धेत ती उतरली ती दहा किलोमीटरच्या. आम्ही सगळे शेवटच्या रेषेजवळ उभे राहिलो. सडपातळ मंडळी आली, जाड मंडळी आली, बाबागाडी ढकलत एक बाप आला, मग रस्ता रिकामा झाला. काकांच्या चेहऱ्यावर चिंता दिसायला लागली. एवढ्यात वळणावर आत्या दिसली. तांबडीलाल, घामाने निथळणारी, पण ऐटीत हात हलवत येत होती. तिच्या मागोमाग हळूहळू रुग्णवाहिका येत होती. त्यानंतर कुणी विचारलं, "कितवी आलात हो?" की ती ताठ मानेने सांगायची, "शेवटून दुसरी. शेवटची रुग्णवाहिका."

असं दोनएक वर्षं चाललं. आत्या मागून मधे आली, मधून थोडी पुढेही गेली. आणि मग गुडघ्याने दगा दिला. फिजिओथेरपिस्ट ही आत्याच्या मुलीच्या वयाची पोर, पण आवाज हेडमास्तरणीचा. तिने गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, पळणं बंद. सहा महिने तरी. पोहा, नाहीतर सायकल चालवा."

"पोहता येत नाही मला."

"मग प्रश्नच मिटला."

वरच्या मजल्यावर एक बँकेतले साहेब राहतात. त्यांनी कधीकाळी मोठ्या हौसेने बारीक चाकांची सायकल घेतली होती आणि पंधरवड्यात तिच्यावर टॉवेल वाळायला लागले होते. आत्याने ती टॉवेलांसकट खाली आणली. टॉवेल परत केले. सायकल आजतागायत केली नाही.

त्या सायकलीची सीट म्हणजे वस्तऱ्याची धार. पहिल्या दिवशी आत्या उतरली ती "आई गं" करतच. पण शिवणकाम हातात असलेली बाई गप्प बसते होय? उरलेल्या मखमलीचं आणि सोफ्याच्या स्पंजचं तिने एक जाडजूड कव्हर शिवलं. ते इतकं गुबगुबीत झालं, की बसल्यावर पाय पेडलपर्यंत पोहोचेनात. मग तिने स्पंज सीटवरून काढला आणि आपल्याच तुमानीत आतून शिवला. सीट सुधारली, पण सायकलवरून उतरल्यावर आत्या बदकासारखी चालायला लागली. काका हसून हसून बेजार झाले. तिसऱ्या खेपेला मात्र बेत जमला. पातळ थर, शिवण बाहेरच्या बाजूला. रविवारी सायकलवर जाणाऱ्या टोळक्यातल्या दोघातिघांनी आडून आडून चौकशी केली, आणि पडद्यांच्या दुकानात असल्या तुमानीही बनायला लागल्या. माप द्यायला आलेले एक वकीलसाहेब लाजून पडद्यामागे लपले होते. पडदा अर्थात विक्रीचा होता.

या टोळक्याचे म्होरके म्हणजे निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. गळ्यात शिट्टी, डोक्यात नकाशे. दरवर्षी ते दोनशे किलोमीटरची एक फेरी आखायचे. सकाळी उजाडताना निघायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं, वाटेत ठरलेल्या तीन ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा. मधे बाहेरच्या कुणाची मदत चालणार नाही. आत्याने नाव दिलं. काकांनी तिच्यासाठी मीठ लावलेले उकडलेले बटाटे बांधले आणि स्वतःसाठी घडीची खुर्ची घेतली. परतीच्या जागी दिवसभर बसून राहण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली.

पहिल्या दोन शिक्क्यांपर्यंत आत्या झकास गेली. मग वारा सुटला, तोही नेमका समोरून. सायकलवाल्यांची एक युक्ती असते. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालवायचं, म्हणजे वारा त्याला लागतो आणि आपण सुखात. आत्याला पुढे एक पिवळं चमकतं जाकीट दिसलं. निघताना असली जाकिटं घातलेले बरेच जण होते. तिने जोर लावून त्याला गाठलं, मान खाली घातली आणि त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून निघाली.

पुलापाशी उजवीकडे वळायचं होतं. पिवळं जाकीट डावीकडे वळलं. आत्याही वळली.

तो माणूस स्पर्धेतला नव्हताच. एका साबणाच्या कारखान्यातला तो वॉचमन होता आणि दुपारच्या पाळीला चालला होता. त्याची बाजू आम्हाला नंतर कळली, बायकोला घेऊन तो पडदे बघायला आला तेव्हा. त्याला आपल्या मागे कुणीतरी आहे असं जाणवलं. वळून पाहतो तर हेल्मेट, काळा चष्मा, तोंडावर रुमाल, आणि धाप टाकत एक बाई अगदी पाठीशी. त्याने वेग कमी केला, तर बाईनेही कमी केला. वाढवला, तर तिनेही वाढवला. बिचाऱ्याला पळता भुई थोडी झाली. शेवटचा चढ त्याने आयुष्यात कधी मारला नव्हता इतक्या जोराने मारला, फाटकातून आत घुसला आणि फाटक लावूनच घेतलं.

आत्या फाटकासमोर थांबली. आत तो, बाहेर ती, दोघंही घामाघूम.

"बाई, माझं काय चुकलं?" तो गजांमधून म्हणाला.

"चुकलं कसलं? छान चालवता की तुम्ही," आत्या म्हणाली. "शिक्का कुठे मारतात?"

"कसला शिक्का?"

"तिसरा!"

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "इथे सही करा. कुणाला भेटायचंय?"

तेव्हा कुठे आत्याने मान वर करून पाटी वाचली. साबणाचा वास तिला बराच वेळ येत होता, पण तिला वाटलं होतं की पुढचा माणूस फार स्वच्छ आहे. उलगडा झाला तशी ती आधी हबकली आणि मग तिथेच, फाटकाला टेकून, पोट धरून हसत सुटली. वॉचमनलाही हसू फुटलं. त्याने फाटक उघडलं, स्टूल दिलं, गार पाणी दिलं. आपल्या डब्यातलं अर्धं जेवणही देत होता, पण आत्या म्हणाली, "नको दादा, मदत घ्यायची नाही असा नियम आहे. पाणी मात्र तुम्ही आधीच पाजलंत, त्याला माझा इलाज नाही."

"ताई, आता फोन करून गाडी मागवा," तो म्हणाला. "पूल फार लांब राहिला."

आत्याने फोन हातात घेतला. काकांचा नंबर काढला. ती सांगते, की त्या क्षणी तिला मनापासून घरी जावंसं वाटत होतं. मांड्या भरून आल्या होत्या, बटाटे संपले होते, आणि एवढा सगळा घाम एका साबणाच्या कारखान्यापायी गाळला होता. पण काका काय म्हणतील हेही तिला ऐकू येत होतं. "वॉचमनचा पाठलाग केलास?" जन्मभर पुरलं असतं ते. तिने फोन खिशात घातला.

"आल्या वाटेने परत जाताना वारा कुठून असेल हो?" तिने विचारलं.

वॉचमनने झाडांकडे पाहिलं. "पाठीमागून."

"मग जाते."

इकडे आम्ही परतीच्या जागी वाट बघत होतो. एकेक जण येत होता, मास्तर शिट्टी फुंकत होते, टाळ्या पडत होत्या. सूर्य बुडाला. मास्तरांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि मंडप उतरवायला घेतला. आत्याचा फोन लागत नव्हता. काका खुर्चीवरून उठले. दिवसभरात पहिल्यांदाच उठले असतील. रस्त्यावर चालत थोडे पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं चालणं त्यांनी त्या संध्याकाळी उरकून टाकलं. "ती काही सोडून द्यायची नाही," असं मला सांगत होते, पण सांगताना चष्मा सारखा पुसत होते.

अंधार दाटत असताना दूर एक दिवा दिसला. अगदी हळू येत होता. काका धावले. हो, आमचे काका धावले! हात पसरून, "अगं थांब, उतर, उतर" असं ओरडत.

"बाजूला व्हा!" आत्या ओरडली. "अजून रेषा आली नाही!"

रेषा कधीच पुसली गेली होती. मास्तरांनी लगबगीने बुटाच्या टोकाने मातीत नवी ओढली. आत्या ती ओलांडून आली आणि सायकलसकट काकांच्या अंगावर कलंडली.

मास्तर ओशाळून म्हणाले, "ताई, तिन्ही शिक्के आहेत, पण वेळ उलटून गेली. नोंद नाही करता येणार."

"नका करू. पण तुमच्या नकाशात बघा, साबणाचा कारखाना किती लांब आहे ते."

मास्तरांनी तिथेच, गाडीच्या दिव्याच्या उजेडात, नकाशा उलगडला. बोट फिरवत गेले आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. त्या दिवशी सगळ्यांत जास्त सायकल आत्याने चालवली होती, आणि पुष्कळ फरकाने.

"म्हणजे दोनशेपेक्षा जास्त येतं मला," आत्या काकांना म्हणाली. "उगाच घाबरत होते."

"पण तिकडे गेलीस कशाला तू?" काकांनी विचारलं.

आत्याने हेल्मेट काढलं. "वाटेत एक ओळखीचे भेटले," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तिने तीनशेला नाव दिलं. या खेपेला नकाशाची सुरळी तिने हँडलला शिवूनच टाकली होती. अर्ध्या वाटेवर टोळक्यातला एक धिप्पाड तरुण रस्त्याच्या कडेला बसून रडताना तिला दिसला. पंक्चर नव्हतं की काही नव्हतं, नुसता जीव कंटाळला होता. आत्या थांबली. "तुला बायको आहे का?" तिने विचारलं. तो म्हणाला, लग्न ठरतंय. "मग खोलीला पडदे लागतील," म्हणत तिने त्याला उठवलं, आणि पुढची सगळी वाट कुठल्या खिडकीला कुठलं कापड शोभेल यावर बोलत दोघं एकमेकांच्या आडोशाने पार करून आली. वेळेच्या आत, आणि त्यांच्या आधी जेमतेम दोघंच पोहोचले होते. मास्तरांनी शिट्टी इतकी फुंकली, की तिच्यातला मणी उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन निघालो, तर आत्या दुकानात जायला जिना उतरत होती. उलटी. कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी, पाठ पुढे करून. पाय सुलट वाकायला तयारच नव्हते. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात येऊन घाबरल्या.

"अगं बाई! पडलीस की काय?"

"नाही हो आजी," आत्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "तिसरी आले!"