ट्रॉली कोणाच्या गाडीमागे

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि सख्ख्या लहान भावावर जळत होतो. हे लिहायची मला लाज नाही. लाज वाटावी ती गोष्ट पुढे येते.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण अमरावती रोडवरच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत चाळीस वर्षं ट्रकची वायरिंग केली. ड्रायव्हर लोक उस्ताद म्हणायचे. मद्रासकडचा ड्रायव्हर असो की पंजाबचा, वाडीत गाडी लागली की आधी माझं नाव विचारायचा. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पहिला पाना त्याने माझ्याच हाताखाली धरला. मग तो आयटीआय शिकला, कारच्या शोरूमच्या वर्कशॉपात लागला, सुपरवायझर होऊन रिटायर झाला. आमची घरं समोरासमोर. गल्लीत कोणाची गाडी बिघडली की माणूस माझ्या दारावरून मान खाली घालून जातो आणि त्याच्या फाटकाची कडी वाजवतो. ती कडी मला घरात बसून ऐकू येते. जेवत असलो तरी ऐकू येते.

आमच्या गल्लीतल्या बाया दरवर्षी दसऱ्याला स्वयंपाक करतात. दीक्षाभूमीवर लांबलांबून माणसं येतात, त्यांना अमरावती रोडच्या कडेला जेवू घालतात. माझी बायको त्यात पुढारी. आणि भांडी न्यायचं काम पहिल्या वर्षापासून माझं. आधी ओळखीच्या मालकाचा मेटॅडोर होता, नंतर माझी मोठी गाडी, मागच्या सीटा पाडून. ही सात सीटांची गाडी पोराने घेऊन दिली, जुनीच आहे, पण हत्ती आहे. त्या वर्षी गंज, म्हणजे भात-भाजीची मोठी पातेली, वाढले, माणसं वाढली, म्हणून बायांनी वर्गणी करून दोन चाकांची छोटी ट्रॉली बनवून आणली. ट्रॉली ओढायला गाडीच्या मागे हूक पाहिजे. भावाच्या गाडीला हूक होता. माझ्या गाडीला नव्हता.

बायको म्हणाली, "यंदा भाऊजीच्या गाडीमांगं लावू. त्याईचा हूक तयार हाये."

"अन् माही गाडी काय कोंबड्या बसवाले ठेवली?"

"तुमच्या गाडीले हूक कुठी हाये?"

"लागन."

"कधी लागन? दसरा पंधरा दिवसांवर आला."

"लागन म्हनलं ना वं!"

"मंग आयका," ती म्हणाली, "ज्याची गाडी तयार, त्याच्या मांगं ट्रॉली. मंग तोंड फुगवाचं नाही."

तीस वर्षं ज्या माणसाने भांडी नेली त्याला हे ऐकावं लागलं. मी पोराला पुण्याला फोन केला. म्हटलं, माझ्या गाडीचा हूक आणि त्याची वायरिंग मागव. दोन दिवसांनी तो म्हणतो, "बाबा, मागवलं. काकाले विचारलं, हेच बराबर बसते म्हने." बायको त्याचा हूक तयार म्हणते, पोरगा त्याला विचारून सामान मागवतो. मी फोन ठेवला. हूक पाहिजे होता म्हणून बोललो नाही.

खोका यायला आठ दिवस लागले. आत लोखंडाचा जाड आडवा दांडा, त्यावर ट्रॉली अडकवायचा गोळा, बोल्टांची पिशवी आणि वायरिंग. सोबत इंग्रजी कागद. कागद मी चित्रांपुरता पाहिला. बोल्टला भाषा नसते.

मागचा बंपर उतरवला. गाडी ठोकळ्यांवर घेतली आणि खाली निजलो. त्या दांड्याचं वजन एका माणसाचं नाही. छातीवर घेतला तेव्हा श्वास अडकला. मग खाली जॅक लावला, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर दांडा, आणि इंच इंच वर चढवला. चेसीची भोकं आणि दांड्याची भोकं जुळली तेव्हा दुपार होत आली होती. बोल्ट आवळताना भाऊ आला. मला खालून त्याच्या चपला दिसल्या.

"दादा, हात लावू का?"

"मले दोन हायेत."

चपला थोडा वेळ तिथेच राहिल्या. मग गेल्या. नंतर पाहतो तर तो आपली गाडी धुऊन राहिला होता. स्वच्छ गाडी. ती मला दाखवायला धुतो असं मी त्या दिवशी धरून बसलो.

वायरिंगही मीच केली. आमच्या काळी वायर सोलायची, पिळायची, वर टेप मारायचा. यात तसं नव्हतं. टेल-लाईटमागचा कपलर, म्हणजे वायरांचा जोड, काढून मधे नवा बसवायचा, कापायचं काही नाही. डिक्कीच्या आतून वायर काढली, रबरी बुचातून खाली घेतली, बंपरखाली सात पिनांचं सॉकेट बसवलं. दोन दिवस लागले. कंबर म्हणजे लाकूड झाली. पण एक बोल्ट हलला नाही की एक वायर लोंबली नाही. कुठल्या शोरूमवाल्याने यापेक्षा चांगलं करून दाखवावं.

आता ट्रॉलीचे मागचे लाईट. बनवणाऱ्याने काचा आणि होल्डर बसवून दिले होते, बल्ब नव्हते. बल्बची मला काय कमी? माझ्या खोलीत पत्र्याचा डबा आहे, वाडीपासूनचा. त्यातून चार काढले, बसवले, प्लग लावला.

लाईट लागले. पण कसे? गोवऱ्या विझत आल्यावर दिसते तशी लाली. ब्रेक दाबला तरी तेवढेच.

दसऱ्याचा आदला दिवस होता. अंगणात बाया भाजी निवडत बसल्या होत्या. बायको उठून आली, वाकून पाहिलं.

"काहो, हे लाईट हाये का उदबत्ती?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं अर्थिंग खराब असेल. चेसीचा रंग खरवडून अर्थिंगची वायर नव्याने जोडली. तेच. कपलर पुन्हा काढून बसवले. तेच. शेवटी माझा टेस्ट लॅम्प आणला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन वायरा, बस. चाळीस वर्षं त्याच्यावर मी ट्रक तपासले. तो गाडीच्या सॉकेटला लावला तर तोही तसाच मंद. म्हणजे सॉकेटपर्यंतच करंट कमी येऊन राहिला. म्हणजे वायरिंग बोगस. आणि वायरिंग कोणाला विचारून मागवली होती?

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी गल्लीतूनच ओरडलो, "ये गा शोरूमवाल्या! पाहा तुही वायरिंग! बोगस सामान मागवाले लावलं पोराले!"

तो हात पुसत आला. उकिडवा बसला, ट्रॉलीची काच काढली, बल्ब फिरवून बाहेर घेतला आणि उजेडाकडे धरून त्याच्या पितळी टोपीवर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग बल्ब होता तसा बसवला.

"पाहतो दादा," म्हणाला.

"काय पाहतो? समजलं नाही तसं सांग ना बायाईसमोर!"

"हो गा दादा. एकदम नाही समजलं." आणि गेला.

अर्धा तास मी गल्लीचा राजा होतो. बायांना म्हटलं, पाहिलं? आयटीआय! बायको म्हणाली, "ते असू द्या. लाईट नसले तर पहाटे पाच वाजता अंधारात ट्रॉली कशी न्याची? मांगून कोनी ठोकलं म्हंजे? भाऊजीच्याच गाडीले लावू." मी म्हटलं, लाव. माझी इज्जत जायची ती गेली होती, पण त्याचीही गेली होती, म्हणून चाललं.

थोड्या वेळाने तो परत आला. तोवर बाया आपापल्या घरी गेल्या होत्या. त्याने माझ्या बोनेटवर एक छोटं पाकीट ठेवलं. "माह्याकडे पडून होते. लावून पाहा." उभाही राहिला नाही.

पाकिटात चार बल्ब होते. टोपीवर १२ लिहिलेलं. मी ट्रॉलीतला माझा बल्ब काढला. टोपीवर २४.

ट्रक चोवीस व्होल्टचा असतो, कार बाराची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवशिक्यालाही माहीत असतं. पण माझ्या डब्यात चाळीस वर्षं चोवीसशिवाय बल्ब आला नाही, टेस्ट लॅम्पमधलाही चोवीसचाच, मग टोपी वाचायची सवय कुठून असणार? चार दिवस मी बोल्ट पाहिले, वायर पाहिली, आणि उरलेला वेळ त्याच्या फाटकाकडे पाहिलं. बल्बकडे पाहिलं नाही.

आणि त्याला ते तिथल्या तिथे समजलं होतं. बाया समोर होत्या. मी त्याला बोगस म्हटलं होतं. एक शब्द बोलला असता तर मी मरेपर्यंत गल्लीत चोवीस व्होल्टवाला उस्ताद राहिलो असतो. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो. ओरडून बोललो असतो. इतके दिवस त्याच्या गाडीवर, हुकावर, फाटकाच्या कडीवर जळलो, ते सोपं होतं. पैसे असले की हूक येतो. हे जे त्याने केलं ते मला कुठल्या दुकानात मिळणार? त्या संध्याकाळी मी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा जन्मात जळलो नाही.

बल्ब बसवले नाहीत. वाटलं, वाडीला जाऊन स्वतःचे आणावे. पण सणामुळे दुकानं लवकर बंद झाली होती. पाकीट उशाशी ठेवून निजलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो आणि त्याचे चारही बल्ब ट्रॉलीत बसवले. ब्रेक दाबला तर समोरचं त्याचं फाटक लालभडक झालं. त्या फाटकापाशी गेलो आणि कडी वाजवली. तो बनियनवरच बाहेर आला.

"चोवीसचे होते," मी म्हटलं.

"हो."

"आता लाईट बराबर हाये. ट्रॉली मी नेतो. तू माह्या मांगं राह्य, लाईट पाहत चाल."

"चाला दादा," तो म्हणाला आणि चावी घ्यायला आत गेला.

बायांनी गंज चढवले. बायको माझ्या बाजूला बसली. चौकात पोलिसाने हात करून थांबवलं. आरशात पाहिलं, ट्रॉलीमागे त्याची गाडी येऊन उभी राहिली, आणि माझ्या लाईटने तिचं बोनेट लाल दिसत होतं. पोलिसाने जा म्हटलं तरी ब्रेकवरचा पाय मी जरा उशिराच काढला.