लाल दिवा आणि सराटा

मी चौथी नापास, म्हणून सरळ सांगतो. लग्नाआधीपासून मी गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवतो आणि बायकोला ती कधी आवडली नाही. घरात हात जरा जोरात पडला की ती स्वयंपाकघरातून भाताच्या गंजावर सराटा, म्हणजे उलथनं, आपटायची. "अवो, घर हाय का मंडप?" की मी हळू. सारा संसार असाच झाला. घरात हळू, मंडपात दणादण.

मागच्या साली ती गेली. एक गाणं तिला आवडायचं. कबूल करत नव्हती, पण तांदूळ निवडताना गुणगुणायची. वर्ष भरलं की गेलेल्याच्या नावानं पुण्यानुमोदन करतात, त्यात तेच वाजवायचं ठरवलं.

माझा जुना ॲम्प्लिफायर मेला होता. जवाहरनगरच्या लेकीनं डिजिटल डबा आणून दिला, टिफिनापेक्षा लहान. म्हणे यात ढीगभर ॲम्प्लिफायरचे आवाज आहेत. गिटारची वायर डब्यात, डब्यातून मंडपाच्या स्पीकरला. गिटारचा आवाज आत किती घ्यायचा त्याचं एक बटन, बाजूला दिवा. हिरवा असला तर ठीक. लाल लागला की आवाज फाटला.

मी घरी वाजवून बटन लावलं. हिरवा. सिहोऱ्याला कार्यक्रमाला गेलो तर पहिल्याच हाताला लाल! टिनावर कोणी खुर्ची ओढून राहिलं, असा आवाज. समोरची म्हातारी म्हणाली, "त्या गिटारवाल्या भाऊले बसवा खाली, चहा द्या." बसलो. चहा चांगला होता.

पुण्यानुमोदन आठवड्यावर आलं होतं. तिच्या फोटोसमोर असा आवाज निघाला असता, तर मेल्यावरही तिचंच खरं झालं असतं.

रविवारी लेक आली. "बाबा, कसं वाजवून बटन लावलं, दाखवा."

दाखवलं.

"हे काय? मच्छर हाकलून राहिले का? मंडपात जेवढ्या जोरात हानता, तेवढ्याच जोरात हाना. तवाच लेवल लागते."

"घरात?"

"घरातच."

हात तीनदा उचलला, तीनदा थांबला. नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. लेकीला समजलं. हळूच म्हणाली, "आता कोणी नाई आपटत, बाबा."

हे तिनं बोलायला नको होतं. मला राग आला आणि त्या रागात असा हात मारला की दिवा लाल, भिंतीवरची पाल गायब. लेकीनं बटन कमी केलं. "आणखी." मारला. लाल. पुन्हा कमी. तिसऱ्यांदा हिरवा राहिला. मी तसाच वाजवत बसलो. जन्मभर असं मोकळं घर पाहिजे होतं मला. मोकळं घर भिकार असतं.

बटन हलू नये म्हणून खूण पाहिजे होती. आरशाच्या कडेला बायकोच्या टिकल्या अजून चिकटलेल्या. एक काढली आणि बटनाच्या टोकासमोर लावली.

पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली. मग बटन टिकलीवर आहे हे पाहून मी तिचं गाणं वाजवलं, सारी ताकद लावून. दिवा हिरवाच. आवाज साफ. जेवताना साळी, बायकोची लहान बहीण, जवळ आली. "भाऊजी, वाजवलं तं बेस. पण कान गेले माह्ये. बाई असती तं गंजच फेकून मारला असता तुमाले!"

वर्षभर सगळे 'जेवले का, झोप लागते का' विचारून राहिले होते. तिच्यासारखं टाकून बोलणारं कोणी नव्हतं.

"आणखी बोल," मी म्हटलं.