पलटणकाकीची मूठ

पलटणकाकी भातासाठी तांदूळ घेई आणि त्यातली एक मूठ परत काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकी. घरात लग्न असलं तरी ती मूठ चुकली नाही. माझी आई चिडवायची, "अवो बाई, लढाई कवाच संपली." काकी म्हणायची, "तुला कुनी सांगितलं?"

माझा चुलता महायुद्धात पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला, तो परतलाच नाही. त्या काळात सरकारी लेव्हीच्या धान्यवसुलीने आमची भाताची कणगी रिकामी केली, तेव्हा घर या गाडग्यावर तगलं. काकी स्वतः कंद उकडून खायची. पुढे चांगले दिवस आले तरी ती काडेपेटीतल्या काड्या मोजत राहिली. दारात कुणी पाणी मागितलं तर आधी विचारायची, "कोन गावचा? कुनाचा?"

संशय घ्यायला मी बहुधा तिच्याकडूनच शिकलो. माझं नवं लग्न झालं होतं, पिंपरीत कारखान्यात नोकरी होती. रोज मूठ पडते, मग गाडगं भरत का नाही? मी आतून कोळशाची रेघ मारली. बाजाराच्या दिवशी काकी शेजारच्या नेरे गावाला जाऊन आली आणि तांदूळ रेघेखाली चार बोटं उतरलेला दिसला. नेऱ्याला तिचा भाऊ होता. मला तेवढं पुरलं. काकी भावाला तांदूळ पोचवते, असं मी घरात सांगितलं.

वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं. पदरात बांधून नेताना."

मी फक्त रेघ बघितली होती.

काकीने कनवटीची कोठीची किल्ली सोडून जात्यावर ठेवली. "भावाला द्यायचं आसतं तर तुमच्या तोंडावर सांगून दिलं आसतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत तिने तांदळाला हात लावला नाही. रोज स्वतःपुरत्या नाचणीच्या दोन भाकरी थापायची. सणाला बायकोने ताटात भात वाढला, तर ताट सरकवून म्हणाली, "नगं बाई. शितं मोजायला लागतील तुझ्या मालकाला." बाजाराच्या दिवशी तर ती उपास धरून नेऱ्याला जायची. आम्ही म्हणायचो, रुसवा अजून गेलेला नाही.

तिच्या दहाव्याला नेऱ्याची एक म्हातारी काठी टेकत आली. मला वाटलं, आता ही काहीतरी मागणार. तिने मला बाजूला घेतलं.

"तुझ्या चुलत्यानं माझ्या पोराला संगं पलटनीत नेला. दोगं बी गेलं. ही मला म्हनली, माझ्या मालकानं नेला, तवा तुला मी बघनार. मीच आन घातली व्हती, कुनाला कळलं तर दाना घेनार न्हाई."

मी तिला टेकायला जागा करून दिली.

"पुढं तांदूळ बंद झाला. मग बाजाराच्या दिशी दोन भाकरी आनायची. म्हनायची, घरात उरत्यात." ती माझ्याकडे बघत राहिली. "उरत व्हत्या ना रं?"

"उरत होत्या," मी म्हणालो.

त्या म्हातारीबद्दल मी घरात कुणालाच सांगितलं नाही. आता आमच्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. परवा सुनेने डब्यात काजू लपवले, तर नातू ओरडला, "आई, पलटणकाकी झालीस काय!" सगळे हसले. चोरून ठेवणाऱ्याला आमच्या घरात हेच म्हणतात. नातवाने तिला पाहिलेलंही नाही.

म्हणून लिहून ठेवतो. मी डोळ्यांनी काही बघितलं नव्हतं. आणि त्या भाकरी उरलेल्या नव्हत्या.