लाँचवर मी गाळलेलं

हे गेल्या रविवारपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याजवळसुद्धा नाही – आणि त्याला तर मी माहेरची भांडणं तिखटमीठ लावून सांगते. मग एवढंच का राहिलं?

सिद्धार्थ माझा धाकटा भाऊ. आमचं घर अलिबागजवळच्या किहीमचं. तो एकोणीस वर्षांचा असताना काही महिने त्याचं बिनसलं. बाजारात माणसं आपल्याबद्दलच कुजबुजतात असं त्याला वाटायचं. कुणी हाक मारलेली नसताना वळून बघायचा. मग एके दिवशी तो माझ्या हातचं जेवेनासा झाला. ताई जेवणात काहीतरी घालते, म्हणाला – शेजारच्या बायका ओट्यावर बसलेल्या असताना. स्वतः फोडलेला नारळ आणि स्वतः सोललेली उकडलेली अंडी, एवढंच खायचा. तो तेव्हा धड नव्हता, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी राग आला, आणि तो मी जपून ठेवला.

आई आणि मी त्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, घरात शिकलेली मीच. म्हणाले, हा अजून आजार नाही. पुढे मोठा मानसिक आजार होण्याचा धोका आहे, पण अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. झोप नीट हवी, तपासायला आणत राहा – आणि शिक्षण, काम, काही थांबवू नका.

परतताना लाँच भाऊच्या धक्क्यावरून सुटली. सिद्धार्थ पुढे कठड्याला टेकून उभा होता. काय म्हणाले, म्हणून आईनं विचारलं. "पुढं याला वेड लागू शकतं, म्हनलेत," मी म्हटलं. आणि – गप्प बसले.

रेवस येईपर्यंत किती वेळ होता! उरलेलं सांगायला किती लागला असता? आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. भोगू दे त्याला, असं वाटत होतं. खोटं तर मी एक अक्षरही बोलले नव्हते.

पुढे राग गेला, पण आता सांगायचं तर तेव्हा का नाही सांगितलं, हे आलंच. माझं ते वाक्य आईकडून बाबांना आणि त्यालाही कळलं, आणि त्याचं कॉलेज सुटलं. वेड लागणारच, तर डॉक्टर कशाला, असं म्हणून बाबांनी पुन्हा नेऊ दिलं नाही. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याच्या मित्रानं बघितलेली नोकरीही नको म्हणाले. तो मात्र वर्षभरात बरा झाला, माझ्या हातचं जेवूही लागला, आणि गावातल्या कॉटेजांचे पंप आणि दिवे दुरुस्त करत राहिला. आम्ही सगळे त्याला काचेच्या भांड्यासारखं जपायचो. मीसुद्धा – बघा, मीसुद्धा.

आता तो पस्तिशीत आहे. यंदा गावातल्याच सुप्रियाच्या घरून लग्नाची विचारणा आली. तिला तो आवडतो, त्याला ती. तरी त्यानं नकार कळवला. उद्या माझं डोकं फिरलं तर त्या पोरीनं काय करायचं, असं आईला म्हणाला. आईनं ते मला फोनवर सांगितलं, आणि मग मला राहवेना. आधी अलिबागला एका डॉक्टरांना विचारलं. इतकी वर्षं नीट गेली, आता धोका फार कमी, ते म्हणाले.

रविवारी माहेरी गेले. तो एका पंपाचा पाईप जोडत बसला होता. मी सगळं सांगितलं – लाँचवरचं, अलिबागच्या डॉक्टरांचं, आणि मला बरं वाटलेलंही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यानं पाईप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताय, मी रोज सकाळी उठून बघतो, आज आलं का, आज आलं का. म्हंजे ते आता बघायचं न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं.

तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग हात धुतले, शर्ट बदलला आणि सुप्रियाच्या घराकडे निघाला. माझ्याकडे त्यानं वळूनही बघितलं नाही.

मी तिथेच बसून राहिले. किती मोकळं वाटत होतं, काय सांगू? त्याची उमेदीची वर्षं मी घालवली, आणि मोकळं मला वाटत होतं.