ब्रायनची यादी घेऊन गर्न्सीला

गर्न्सीला जायचं ठरलं ते मिसेस पामरमुळे, आणि हे त्यांना आजही माहीत नाही.

२००६ च्या वसंतातली गोष्ट. साउथहॅम्प्टनमध्ये आमचं कॅमेऱ्याचं छोटं दुकान आहे. एका शनिवारी मिसेस पामर आल्या. नवऱ्याने वाढदिवसाला डिजिटल कॅमेरा दिलेला, त्यात कुठलं मेमरी कार्ड घालायचं ते कळेना. काउंटरवरच्या ब्रायनने चाळीस मिनिटं उभं राहून त्यांना सगळं समजावलं. कुठलं कार्ड कशाला, कुठलं घेऊ नये, फोटो पुसायचे कसे. शेवटी त्या म्हणाल्या, "थँक यू डियर, घरी जाऊन विचार करते." हा विचार इंटरनेटवर होतो, हे तोवर आम्हा दोघांना पाठ झालं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट, फ्रान्सच्या जवळ. राणी तीच, पण ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. सरकार वेगळं, नोटा वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे तिथे विक्रीवर कर नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रत्येक कार्डावर साडेसतरा टक्के व्हॅट चढतो. तेच कार्ड गर्न्सीहून पोस्टाने आलं आणि किंमत अठरा पौंडांच्या आत असली, तर व्हॅट शून्य. सीडी, बॅटऱ्या, प्रिंटरची शाई, कॉन्टॅक्ट लेन्स, सगळं त्या वाटेने येऊ लागलं होतं. दुकानात यायचे ते फक्त प्रश्न.

म्हणून मी तिथल्या एका एजंटला लिहिलं. तो आमच्यासारख्यांना शेडमध्ये माल ठेवायला फळ्या भाड्याने देतो आणि पॅकिंगची माणसंही पुरवतो. जमलं तर दुकान बंद करून सगळा धंदा तिकडे न्यायचा, असा माझा बेत होता. ब्रायनला मी एवढंच म्हणालो, "अठरा पौंडांच्या आतल्या सगळ्या वस्तूंची यादी करून दे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. "ऑल राइट, बॉस."

हे 'बॉस' जरा समजावून सांगायला हवं. मी कराडहून इथे आलो तेव्हा बंदरात जहाजांवरची भांडी घासायचो. संध्याकाळी याच दुकानाच्या काचेबाहेर उभा राहायचो. आत ब्रायन नोकरीला होता. त्याने मला एक दिवस आत बोलावलं, डार्करूम दाखवली, पुढे फिल्म धुवायला शिकवलं, गिऱ्हाइकाशी कधी गप्प बसायचं तेही शिकवलं. जुना मालक निवृत्त झाला तेव्हा दुकान मी घेतलं, ब्रायनला घ्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून तो मला बॉस म्हणतो आणि म्हणताना कधीच हसत नाही. तो आता साठीला आलाय. या वयात त्याला दुसरं काम कोण देणार, हे मला माहीत होतं. मी तो विषय मनात पुढे ढकलत होतो.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी आणि माझी बायको शुभदा निघालो. साउथहॅम्प्टनहून पूल नावाचं बंदर गाडीने तासाभरावर. गाडी तिथेच लावा, बेटावर नेऊ नका. पायी प्रवाशाचं तिकीट बरंच स्वस्त पडतं, आणि तिथे बसने कुठेही पौंडाच्या आत जाता येतं. वेगवान बोट तीन तासांच्या आत पोचवते, पण समुद्र खवळला की ती रद्द होते, तेव्हा परतीच्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका.

बोटीत आमच्या मागे एक तरुण जोडपं बसलं होतं. बोलण्यावरून पुण्याचं.

"एकशे पंचेचाळीस तुझे, एकशे पंचेचाळीस माझे. दोनशे नव्वदपर्यंतचं घड्याळ बसतं की," तो म्हणाला.

"आणि कस्टमवाल्याने विचारलं तर?"

"सांगायचं, अर्धं तुझं, अर्धं माझं."

मला राहवलं नाही. मागे वळून म्हणालो, "अहो, परत येताना माणशी एकशे पंचेचाळीस पौंडांची सूट आहे हे खरं. पण एकच वस्तू दोघांत वाटून दाखवता येत नाही. घड्याळ दोनशेचं असेल तर सगळ्या दोनशेवर कर लागेल."

तो ओशाळला. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना. मग काका, तिथे जाऊन घ्यायचं काय?"

"ते बघायलाच चाललोय," मी म्हणालो.

सेंट पीटर पोर्ट हे गाव बंदराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं आहे. रस्ते दगडी आणि अरुंद, दुकानं चकचकीत. आम्ही दुपारभर किमती बघत फिरलो. दागिने, अत्तरं, घड्याळं, दारू इथे खरोखर स्वस्त. पण इंग्लंडमधल्या साखळी दुकानांच्या शाखांत शिरलो तर शर्टावर तीच किमतीची चिठ्ठी, आमच्या गावच्या बाजारात असते तीच. एक बाई काउंटरवरच्या मुलीला विचारत होत्या, "इथे व्हॅट नाही ना? मग भाव तोच कसा?"

"माल बोटीने आणावा लागतो ना, लव्ह. त्याचं भाडं."

शर्टाचं भाडं मी समजू शकतो. पलीकडच्या दुकानात नखाएवढं मेमरी कार्डही साउथहॅम्प्टनच्याच भावाला होतं. म्हणजे कर काढून टाकला तरी किंमत उतरेलच असं नाही. कराची जागा रिकामी झाली की तिथे कोणाचा तरी नफा येऊन बसतो. स्वस्ताई होती ती फक्त पोस्टाने बाहेर जाणाऱ्या मालाला, बेटावरच्या माणसाला नाही. आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीने सकाळी लोणी लावून गाश दिला, म्हणजे मनुका घातलेला इथला पाव. मी दुकानांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "आम्ही इंग्लंडला गेलो की खरेदी करतो."

शनिवारी एजंटला भेटायला बसने बेटाच्या मध्यावर गेलो. वाटेत जिकडेतिकडे काचघरं, बरीचशी फुटकी, आत झुडपं माजलेली. एके काळी इथले टोमॅटो सगळं इंग्लंड खायचं. शेडही अशाच एका बंद पडलेल्या बागेत होती. एजंट पन्नाशीचा, बोलायला मोकळा. "ही अठरा पौंडांची सूट मुळात फुलं आणि सायीच्या डब्यांसाठी होती," तो म्हणाला. "फुलं गेली, सूट राहिली."

काम कसं चालतं ते त्याने दाखवलं. माल इंग्लंडहून ट्रकने बोटीवर चढून येतो. इथे बायका टेबलाशी उभ्या राहून तो पाकिटात घालतात, पत्ता चिकटवतात. संध्याकाळी तोच माल परत बोटीवर चढून इंग्लंडला जातो. वस्तू दोनदा समुद्र ओलांडते, आणि एवढं करूनही माझ्या दुकानापेक्षा स्वस्त पडते.

"तुमच्या गावची बॅग बघायचीय?" त्याने विचारलं आणि साउथहॅम्प्टनची पोस्टाची बॅग पुढे ओढली. वरच्याच चार-पाच पाकिटांत एकावर पामर हे नाव होतं. रस्ता आमच्या मागचाच.

खोटं कशाला सांगू, वाईट वाटणं नंतर आलं. आधी डोक्यात आलं ते हे, की मी इथे असतो तर हे पाकीट माझं असतं.

मी खिशातून यादी काढून त्याला दिली. तीन पानं, ब्रायनच्या टपोऱ्या अक्षरात. मी पहिलं पान चाळलं होतं, पुढचं बघितलंच नव्हतं. ब्रायनच्या कामात बघायचं काय? एजंट बोट फिरवत वाचत गेला. "फिल्टर, ठीक. बॅटऱ्या, उत्तम. लेन्सची झाकणं, छान." तिसऱ्या पानाच्या तळाशी तो थांबला आणि हसायला लागला.

"हे काय? 'ब्रायन. अठरा पौंडांच्या वर. पोस्टाने जात नाही.' कोण हा? विनोदी माणूस दिसतो."

शुभदा शेजारीच उभी होती. ती हसली नाही.

"माझा पार्टनर," मी म्हणालो. कागदावर तो नोकर आहे. हा शब्द मी आधी कधी उच्चारला नव्हता.

"मग आधी त्याच्याशी बोलून घ्या," एजंट म्हणाला, आणि करार माझ्या हातात देऊन कामाला लागला. माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवसांत कळवा म्हणाला.

परत बसने न जाता चालत निघालो. मग शुभदा म्हणाली, "अहो, तुम्ही यादी वाचली नव्हती ना?"

"नाही."

"तुमचा बेत त्याला पहिल्या दिवशीच कळला होता. तरी अक्षर किती नीट काढलंय बघा."

वळणावर एका घराच्या कुंपणाला लाकडी खोका टांगलेला होता. आत टोमॅटोच्या पिशव्या, बाजूला पत्र्याचा डबा, पुठ्ठ्यावर किंमत: ऐंशी पेन्स. दुकानदार नाही, कोणी बघायलाही नाही. बेटावर ठिकठिकाणी असे खोके दिसतात. पिशवी उचलायची, पैसे डब्यात टाकायचे. शुभदाने गर्न्सीची एक पौंडाची नोट डब्यात सरकवली आणि पिशवी घेतली. पलीकडे एक म्हातारी बाई वाफे खणत होती. मला धंद्याचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

"पैसे न टाकता कोणी नेत नाही का?"

"नेतात की. उन्हाळ्यात जास्त."

"मग?"

"मग काय. फार व्हायला लागलं तर ठेवणं बंद करीन." तिने मातीचं ढेकूळ फोडलं. "अजून तेवढं झालेलं नाही."

मी तिथेच उभा राहिलो. ब्रायन गेली कित्येक वर्षं काउंटरवर हेच करत होता. त्याला येत होतं ते मांडून ठेवायचा. लोक उचलून न्यायचे आणि डब्यात काही टाकायचे नाहीत. मिसेस पामरना तरी नावं कशी ठेवू? सर्वांत जास्त उचललं होतं मी, आणि आता खोकाच काढून न्यायला निघालो होतो.

रविवारच्या बोटीत ते पुण्याचं जोडपं पुन्हा भेटलं. घड्याळ घेतलं नव्हतं, अत्तराच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. "एक माझी, एक त्याची," ती म्हणाली. पूलला कस्टमच्या माणसाने आमच्या पिशवीत डोकावून बघितलं. टोमॅटो. हात हलवून जाऊ दिलं.

सोमवारी दुकान उघडताना ब्रायनच्या हातात मी पिशवी दिली.

"कधी निघायचं, बॉस?" त्याने विचारलं.

"निघायचं नाही. आणि तिसरं पान मी वाचलंय." एजंटने ते आधी वाचलं, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. अजून झालेली नाही.

त्याने पिशवीतला एक टोमॅटो धुतला, चाकूने चार फोडी केल्या, मीठ लावलं, दोन माझ्याकडे सरकवल्या.

याला आता दोन वर्षं झाली. शेजारच्या जर्सी बेटावर यंदा तीन टक्के कर आलाय, गर्न्सीत अजून नाही, तेव्हा अत्तर नि घड्याळासाठी जाणाऱ्यांनी खुशाल जावं. फक्त माणशी मर्यादा लक्षात ठेवा आणि एक चक्कर त्या काचघरांकडेही मारा. धंदा तिकडे नेला असता तर आज माझ्याकडे जास्त पैसा असता, यात मला शंका नाही. अर्धं दुकान आम्ही चपला दुरुस्त करणाऱ्याला भाड्याने दिलंय. उरलेल्या अर्ध्यात मेमरी कार्डं ठेवतच नाही. दारावर पाटी आहे: कॅमेरा शिका, ब्रायनकडून, तासाला दहा पौंड. निम्मे त्याचे, आणि हे आता कागदावर आहे. पाटी लावली तेव्हा ब्रायन म्हणाला होता, "याचे पैसे कोण देणार?"

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मिसेस पामर आल्या. पर्स उघडून दहाची नोट काउंटरवर ठेवली, मग कॅमेरा, मग एक पाकीट. ते मी ओळखलं. मी बिलाच्या वहीत डोकं घातलं.

"हे कुठल्याशा बेटावरून आलं," त्या म्हणाल्या. "स्वस्त होतं, आणि लवकर आलं. पण त्या दिवशी तू जे सांगितलंस, ते घरी जाईपर्यंत मी विसरले. आणि पाकिटात ते काही नव्हतं."

"नसतंच," ब्रायन म्हणाला, आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.