आचलच्या पत्रिकेतली शेवटची ओळ

अकोल्यातली निम्मी लग्नं अब्दुल सत्तार यांच्या हातून लागली, असं मी म्हटलं की ते चिडतात. लग्नं काझी नाहीतर भटजी लावतात, म्हणतात, मी नुसत्या पत्रिका जुळवतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या प्रेसमध्ये ते तीस वर्षांपासून आहेत. ते कॉम्प्युटरवर बसतात आणि मी, संघपाल, कटिंग मशीनवर. त्यांनी जुळवायचं, मी कापायचं.

पूर्वी लोक कागदावर नावं लिहून आणायचे. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, कोणता काका गाळला की मांडवात भांडण होणार, हे सत्तारचाचांना यजमानापेक्षा जास्त कळायचं. आता कोणीही उठतो, मोबाईलवर फुकटच्या साइटवर डिझाईन करतो आणि पाठवून देतो. पडद्यावरचा झगमगीत केशरी रंग कागदावर विटकरी उतरला, की शिव्या आम्हाला. कडेला कापायला जादा जागा, आमच्या भाषेत ब्लीड, कोणी सोडलेलीच नसते. मग पांढरी किनार दिसू नये म्हणून मला दोन-तीन मिलिमीटर आत कापावं लागतं, आणि त्यात कडेचं जे असेल ते जातं.

चाचा हे सगळं गुपचूप सुधारायचे. रंग बदलायचे, मजकूर आत ओढायचे, कोणाला पत्ता लागायचा नाही. दिवाळीआधी एका गिऱ्हाइकाला मात्र दिसलं, की पोरीनं केलेल्या डिझाईनमधला गणपती नखभर लहान झालाय. त्यानं तमाशा केला. आमचे मालक खुशालराव यांनी चाचांना सगळ्यांदेखत झापलं आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला कागद चिकटवला, 'आलं तसं छापा.' ज्या माणसानं प्रेसची अब्रू राखली, त्याला ही पावती. मला त्या कागदाचा अजून राग येतो.

त्यानंतर अकोटच्या कुलदीपनं बहिणीची, आचलची, पत्रिका पाठवली. निमंत्रकांची अठरा नावं, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी कडेला टेकलेली एक ओळ, पार्वताबाई. चाचांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर. शेवटची ओळ कापली जाईल, म्हणाले. मोबाईलवर तर बरोबर दिसतंय, कुलदीप म्हणाला.

"बेटा, हे नाव कोनाचं हाये?"

"आत्याचं. नवऱ्यानं टाकलेली हाये, तवापासून आमच्याच घरी. तिचं नाव पत्रिकेत टाकत नाईत. पन माय गेल्यावर आचलले तिनंच वाढवलं, मंग आचल अडूनच बसली. डिझाईन झाल्यावर बसवलं खाली कसंतरी."

चाचांना राहवलं नाही. वीस मिनिटांत सगळं आत घेऊन त्यांनी दुरुस्त फाईल केली आणि कुलदीपला पाठवली. उत्तर आलं, नवरा-नवरीचा फोटो छोटा दिसतो, आधीचीच ठेवा. चाचा खुशालरावांकडे गेले. खुशालरावांनी भिंतीवरच्या कागदाकडे नुसतं बोट दाखवलं.

छापून झालेल्या चारशे पत्रिका माझ्यापुढे आल्या, तेव्हा चाचा मशीनपाशी येऊन उभे राहिले. जरा बाहेरून कापता येईल का, विचारलं. आलं असतं. पण चारी बाजूंनी पांढरी किनार राहिली असती, गठ्ठा परत आला असता आणि बोलणी मी खाल्ली असती. मी आत कापलं. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, पातं मीच खाली आणलं. पार्वताबाईंच्या नावाची वरची रेघ तेवढी उरली, तिच्यावर एक रफार.

सोमवारी कुलदीप आत्याला घेऊन आला. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका आपल्या हातानं न्यायची म्हणून बाई एसटीनं आल्या होत्या, पदराखाली कुंकवाची डबी धरून. कुलदीपनं पत्रिका पाहिली, खालपर्यंत वाचली, आणि फोन आल्यासारखं करून बाहेर सटकला. बाईंनी पत्रिकेवरून हात फिरवला आणि ती चाचांपुढे धरली.

"भाऊ, मले वाचता येत नाई. माह्यं नाव कोठी हाये?"

मला वाटलं, आता चाचा खरं सांगतील. मी खाली मान घातली.  एवढी वर्षं लोकांची नावं जुळवलेलं बोट चाचांनी पत्रिकेच्या कडेला, त्या रेघेवर ठेवलं आणि कागदावर जे नव्हतं ते वाचलं.

"हे पाहा, बाई. पार्वताबाई."

बाईंनी डबी उघडली आणि कुंकवाचं बोट नेमकं त्याच जागी टेकवलं. डोळे पुसले. आजवर एकाही पत्रिकेत आपलं नाव आलं नव्हतं, म्हणाल्या. गल्लीतल्या सगळ्या बायांना त्यांनी संध्याकाळी घरी बोलावलं होतं. आचल त्यांच्यापुढे सगळी पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवणार होती.