टाळ्या कापलेलं गाणं

मित्रांनो, कॅसेटवाले कोणी आहात का इथे? सकाळपासून डोकं चालत नाहीये.

माझ्याकडे एका रॉक गायकाच्या लाइव्ह कॉन्सर्टची कॅसेट आहे, कॉलेजात असताना शहापूरला भरून घेतलेली. सापगावात आमच्या घरी ती आईलाही पाठ. गाण्यांच्या मध्ये तो इंग्रजीत बोलतो, लोक ओरडतात. आई म्हणते, "बक्षीस देणाऱ्यांची नावं घेतोय." जयंतीला आमच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात तसंच असतं ना! मीही कधी खोडून काढलं नाही.

आज मित्राने त्याच कॉन्सर्टमधलं एकच गाणं असलेली सीडी दिली, सिंगल म्हणतात तिला. तोच आवाज, तीच गिटार. पण लोक गायब! टाळ्या, आरडाओरडा, सगळं कापलेलं. चांगलं वाटतंय की वाईट, तेच कळेना.

भाकऱ्या थापता थापता आई थांबली. "आज कोणीच नाय आलं रे त्याच्या गाण्याला?"

मी समजावायला लागलो, की आई, हे रेकॉर्डिंग...

"ते ऱ्हाऊ दे. तू तरी टाळ्या वाजव."

वाजवल्या. एकट्याने, सीडी प्लेयरसमोर.

आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं मला ते गाणं आवडत होतं, की ती माणसं?